रूथने मला सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांजवळ तर नाहीच. बायको गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात आम्ही दुपारभर बोलत बसायचो. एकदा ती म्हणाली, आपल्या दोघांत आता सांगायचं काही राहिलं नाही. मी हो म्हणालो. तेव्हा सांगता आलं असतं — नाही सांगितलं.

तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल. ओळखीच्या माणसाशी बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. मला ते जमत नाही.

मी मोटार मेकॅनिक. सगळं आयुष्य नगरात गेलं. वडील मिशनच्या कंपाउंडात माळी होते. मी शाळा सोडून गॅरेजात गेलो आणि पंचविशीपर्यंत बऱ्यापैकी नाव कमावलं. बिघाड कानाने ओळखतो, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. लोक बघतायत म्हटल्यावर माझे हात जास्त चांगले चालायचे. कारण म्हणून हे सांगत नाही. मी कसा होतो तेवढं कळावं म्हणून.

माझी थोरली बहीण मार्थाताई जामखेड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका होती. दाजी त्याच शाळेवर. त्यांची एकुलती एक मुलगी रूथ, तेव्हा दहा वर्षांची. बारकी, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, आणि सांगितलेलं मन लावून ऐकायची सवय. घरात दोन मास्तर असल्यामुळे असेल. एखादी गोष्ट तिला एकदा सांगितली की ती तशीच करायची — पहिल्या दिवशी जशी, तशीच विसाव्या दिवशी. हे लक्षात ठेवा. मी ते विसरलेलो नाही.

आता त्या गाडीचं. नगरात एक परदेशी डॉक्टर राहायचे. त्यांनी आपल्या मुलासाठी बोटीने एक छोटी मोटरसायकल मागवली होती. माळरानावर, दगडाधोंड्यांतून चालवायची, जाड दातेरी टायरची, मोठ्या माणसाच्या मांडीएवढी उंच. तिला क्लच नव्हता. डावीकडे ब्रेक, उजवीकडे ब्रेक, आणि उजव्या मुठीत रेस. मूठ पिळली की गाडी पुढे, सोडली की हळू. त्यांची जीप मी सांभाळायचो. ते कुटुंब कायमचं मायदेशी गेलं तेव्हा ती मोटरसायकल मला देऊन गेलं. मी ती खोलली, साफ केली, पुन्हा जुळवली. माझ्या काही कामाची नव्हती. बसलो की गुडघे कानाला लागायचे.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गॅरेजला काम नव्हतं, मालक म्हणाले महिनाभर गावाकडे जाऊन ये. धान्य घेऊन निघालेल्या एका ट्रकमध्ये ती मोटरसायकल घातली आणि ताईकडे गेलो. रूथला शिकवायची असं काही ठरवलं नव्हतं. पण तिने गाडी बघितली, भोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ही थांबते कशी? चालते कशी, हे नाही विचारलं. मला हसू आलं. मी ठरवलं, हिला शिकवायची.

ताईचा विरोध होता. दाजी म्हणाले, शिकू दे, पण मी तुझ्यावर टाकतोय. मी म्हणालो, टाका.

मी चांगलं शिकवलं. हे सांगायला हवं, कारण मला काय माहीत होतं ते त्यावरूनच कळेल. गावाबाहेरचा तलाव आटून कोरडा पडला होता. एका अंगाला दुष्काळी कामावरचे लोक त्यातला गाळ काढत होते. दुसरं अंग मोकळं, सपाट, पडलं तरी लागणार नाही असं मऊ. तिथे शिकवायचो. पहिले चार दिवस इंजिन सुरूच केलं नाही. मी मागून ढकलायचो आणि ती ब्रेक लावायची. नुसतं थांबणं. पडायचं कसं, तेही शिकवलं — गाडी सोडून द्यायची, हात पुढे टेकायचे नाहीत. लष्कराच्या जुन्या सामानात मिळालेलं एक हेल्मेट होतं, त्यात टॉवेल कोंबून ते तिच्या डोक्याला बसवलं. गुडघ्यांना, कोपरांना गोधडीचे तुकडे बांधले. दाजींची जुनी पॅन्ट कापून घातली. माझ्याकडे शिट्टी होती. एक शिट्टी म्हणजे जिथे असशील तिथे थांब.

आणि रेसवर मी एक स्क्रू बसवला होता. मूठ कितीही पिळली तरी पाव भागापुढे जायची नाही. गाडी माणसाच्या पळण्याइतकीच चालायची. मी बरोबर पळू शकायचो.

बसण्याआधी करायच्या चार गोष्टी तिच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. टायर दाबून बघ. दोन्ही ब्रेक ओढून बघ. साखळी बघ. आणि शेवटची — मूठ पिळ आणि सोड. ती आपोआप, खाडकन मागे आली पाहिजे. नाही आली तर गाडीवर बसायचं नाही. मग मी सांगितलं तरी बसायचं नाही.

हे शेवटचं वाक्य माझंच. मी सांगितलं तरी बसायचं नाही, असं मीच म्हणालो होतो.

दोन आठवड्यांत ती चांगली चालवायला लागली. आठाचा आकडा काढायची. दगड मांडून मधून काढायची. कामावरची माणसं दुपारच्या सुट्टीत कामावर वाटलेली सुकडी खाता खाता बघत बसायची. मुलगी मोटरसायकल चालवते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बायकांना तर फार अप्रूप. कोंडाबाई म्हणून एक होती, तिशीतली, टोपली वाहायची. ती रोज रूथसाठी चिमूटभर सुकडी पदराला बांधून आणायची. रूथला ती आवडायची नाही, पण कोंडाबाईसमोर सगळी खायची.

त्याच सुमारास एक दिवस गाडी पुसताना मला रेसच्या केबलचे दोन-तीन धागे तुटलेले दिसले. मुठीजवळ, आतल्या बाजूला. दुसरी केबल नगरलाच मिळाली असती. स्क्रू लावलेला असल्यामुळे ते धागे नळीत अडकतील इतकी केबल सरकतच नव्हती, म्हणजे तशी अडचण नव्हती. पुढच्या आठवड्यात नगरला जाईन तेव्हा आणू, असं ठरवलं. मला दिसलं होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

आता त्या दिवसावर येतो. — इथवर यायला मला एवढं लांबून यावं लागलं, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

सकाळी नऊचा सुमार. कामावर त्या दिवशी जामखेडहून ओव्हरसियर आले होते. त्यांनी गाडी बघितली, रूथने मारलेली एक फेरी बघितली, कौतुक केलं. मग हसत म्हणाले, मिस्तरी, गाडी झकास आहे, पण चालते बैलासारखी. आजूबाजूचे चार लोक हसले. एवढंच. अपमान वगैरे काही नाही. माणूस सहज बोलला.

मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि रेसवरचा तो स्क्रू सोडवून खिशात टाकला.

रूथ लांब उभी होती. मी तिला हाक मारली, आज जरा जोरात ने म्हणालो. ती आली. तिने टायर दाबले. ब्रेक ओढले. साखळी बघितली. मग मूठ पिळली आणि सोडली. तिने ती पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. मग हेल्मेटमधून माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, ह्ये आपोआप मागं येत न्हाई. मधीच आडतंय."

हळू म्हणाली. लोकांना ऐकू गेलं नसावं. मी तिच्या हातावरून हात नेऊन मूठ पिळली. अडकत होती. तुटलेले धागे आता आतल्या नळीत जाऊन अडत होते. मला बघायचीही गरज नव्हती, बोटांना कळलं. मी अंगठ्याने रेटली तेव्हा मागे आली.

"येतंय की," मी म्हणालो. "बस तू."

ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि बसली.

दहा वर्षांची मुलगी. मामा सांगतोय. वीस-पंचवीस माणसं बघतायत. तिने काय करायला हवं होतं? मी हा प्रश्न फार वेळा स्वतःला विचारला आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या लक्षात येतं की मी तिच्याबद्दल विचारतोय.

ती गेली. पन्नासेक पावलं नीट गेली, मग मूठ जास्त पिळली असणार, कारण इंजिनाचा आवाज चढला आणि खाली आलाच नाही. मला लगेच कळलं. मी शिट्टी वाजवली. वाजवतच राहिलो. आज वाटतं, त्या शिट्टीचा तिला काय उपयोग होता? ती ब्रेक लावत होती. दोन्ही. मागचं चाक धरत होतं, सुटत होतं. गाडी वळवून मोकळ्या बाजूला न्यायचा प्रयत्न तिने केला, पण वळणावर मागचं चाक घसरलं आणि गाडी गाळ काढणाऱ्यांच्या अंगाकडे गेली. लोक बाजूला पळाले. कोंडाबाईच्या डोक्यावर भरलेली टोपली होती. तिला वळून बघायला वेळ लागला.

रूथ गाळातून काढून टाकलेल्या दगडांवर पडली. हेल्मेट होतं म्हणून वाचली. हात मोडला, शुद्ध गेली. कोंडाबाईची मांडी मोडली होती. ती ओरडत नव्हती, नुसती टोपलीकडे बघत होती.

दोघींना कामावरच्या ट्रकमध्ये घातलं. दाजी धावत आले, ताई आली. दाजींनी मला विचारलं, काय झालं रे? ट्रक सुरू होता. मी म्हणालो, "घाबरली, दाजी. घाबरून मूठ आवळली. ब्रेकच्या जागी रेस दिली."

विचार करून बोललो नाही, असं म्हणता येईल. पण पुढचं सगळं विचार करूनच केलं.

ट्रकमध्ये बस म्हणून दाजी मला बोलवत होते. मी म्हणालो, गाडी उचलून ठेवतो आणि मागून येतो. ते गेले. ओव्हरसियर जीपने त्यांच्या मागे गेले. लोक पांगले. मी त्या गाळावरून चालत गेलो. मऊ मातीत सगळं लिहिल्यासारखं उमटलं होतं — मागचं चाक ब्रेकने धरलं-सुटलं, धरलं-सुटलं, अशी खूण तलावाच्या मधल्या भागापासून थेट दगडांपर्यंत. जी मुलगी घाबरून रेस देते, तिच्या गाडीची अशी खूण उठत नाही. गावात ती वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, पण मी वाचली. मग गाडी उभी केली आणि त्या खुणेवरूनच ढकलत परत नेली, पाय घासत, मुद्दाम. घरी जाऊन केबलचे तुटलेले धागे पकडीने कापून टाकले, तेल सोडलं, स्क्रू परत जागेवर बसवला. मूठ पिळली, सोडली. खाडकन मागे आली.

एवढं करून मग हॉस्पिटलात गेलो.

दोन दिवसांनी दाजींनी स्वतः गाडी बघितली. मूठ चार वेळा पिळून बघितली आणि घरात गेले. त्यांच्या मनात शंका होती म्हणून बघितली, का नुसतीच — ते मला कधी कळलं नाही.

रूथला शुद्ध आली तेव्हा मी शेजारी होतो. मी तिला पहिल्यांदा काय विचारलं असेल? दुखतंय का, हे नाही. तुला काय आठवतं, हे विचारलं. तिला सकाळी ताईने वेणी घातली तिथपर्यंत आठवत होतं. पुढचं काही नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, ते आठवेलच असं नाही. मला बरं वाटलं. दहा वर्षांच्या भाचीला तिचीच एक सकाळ आठवत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

मग तिने विचारलं, काय झालं होतं. मी तिला सांगितलं. तेच, जे दाजींना सांगितलं होतं. तिने विचारलं, कुणाला लागलं का? ताईने मला डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं, पण रूथने पुन्हा विचारलं, आणि शेवटी ताईनेच सांगितलं.

कोंडाबाईचं हाड वाकडं जुळलं. ती उठली, पण काठीशिवाय चालली नाही. टोपली पुन्हा डोक्यावर घेता आली नाही. ताई-दाजींनी तिच्या घरचं बरंच बघितलं, त्यांच्या परीने. गावाने काही धरून ठेवलं नाही. पोरीच्या हातात असली गाडी द्यायचीच कशाला, एवढं म्हणाले, तेही थोडे दिवस. मला कुणी बोललं नाही. उलट दाजी म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस, परवानगी मी दिली होती.

हात बरा झाल्यावर रूथ रोज शाळेआधी कोंडाबाईचं पाणी भरायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीपासून दोन कळशा, रोज. दहावी होईपर्यंत भरत होती. हायस्कूल तीन मैलांवर होतं. दाजींनी तिला सायकल घेतली, तिला ती चालवता येत होती, पण तिने हात लावला नाही. चालत जायची. पुढे पोस्टात नोकरी लागली, लग्न होऊन श्रीगोंद्याला गेली, संसार चांगला झाला. वरून बघितलं तर काही बिघडलं नाही. पण दुसऱ्याचं तान्हं मूल ती उचलून घ्यायची नाही. नणंदेचं बाळ कुणी पुढे केलं तर हात मागे घ्यायची. एकदा ताईने विचारलं तेव्हा सहज सांगावं तसं सांगितलं — ऐन वेळी माझा हात काय करील, त्याचा भरवसा नाही.

हे ताईने मला सांगितलं. मी ऐकून घेतलं.

गाडी मी त्याच वर्षी भंगारात दिली. सगळ्यांना वाटलं, मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली. तेही खोटं नव्हतं.

दर रविवारी आम्ही मंडळीत पापकबुलीची प्रार्थना एकत्र म्हणतो. शंभर माणसं एका सुरात. मी ती पन्नास वर्षं मोठ्याने म्हणत आलो. त्यात मला कधी अडचण आली नाही. सगळ्यांनी मिळून म्हटलं की कुणाचं काय ते कुठे कळतं?

एकदा मात्र अडचण आली होती. कोंडाबाई शेवटची आजारी पडली तेव्हा. पंचवीसेक वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. रूथ श्रीगोंद्याहून भेटायला निघाली, वाटेत नगरला उतरली, आणि सोबत म्हणून मी गेलो. कोंडाबाई ओसरीत अंथरुणावर होती. रूथ तिच्या उशाशी बसली, बराच वेळ तिचा हात धरून होती. चाळिशीकडे आलेली बाई, पोस्टातली नोकरी, दोन मुलं. मग ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातून झालं ते. मला माफ करा."

कोंडाबाई तिच्याकडे बघत म्हणाली, "तू लेकरू हुतीस गं. लेकरावर कुनी राग धरतं व्हय?"

मी दारात उभा होतो. चार पावलांवर. सांगायला किती शब्द लागले असते? दहा? त्या दोघींपैकी एक अजून आठ दिवस जगणार होती आणि दुसरी अजून आहे. दोघींनाही ते ऐकण्याचा हक्क होता, आणि दोघी एका जागी, माझ्यासमोर होत्या. मी चप्पल घालून अंगणात गेलो. रूथला वाटलं, मामांना भरून आलं. परतीच्या एसटीत ती मला धीर देत होती.

इथे थांबलो असतो तर निदान एवढं म्हणता आलं असतं की मी गप्प राहिलो. पण तेवढंच नाही.

गेल्या दिवाळीत मी श्रीगोंद्याला रूथकडे गेलो होतो. तिची नात आली होती, लेकीची मुलगी, नुकतीच अकरावीला गेलेली. क्लासला जायला तिला स्कूटी हवी होती. घरातले सगळे घेऊन द्यायच्या बाजूचे, एकटी रूथ नाही म्हणत होती. वाद चालला होता. मुलगी म्हणाली, आजी, तुझं काहीतरीच असतं. तेव्हा रूथ माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही होता तिथं. तुम्हीच सांगा हिला, घाबरलं की काय होतं ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगितलं. पहिल्यापासून. तलाव कसा होता, हेल्मेटमध्ये टॉवेल कसा कोंबला होता, शिट्टी कशी वाजवली. ऐन वेळी तुझ्या आजीने घाबरून मूठ कशी आवळली, ते माझ्या मुठीने करून दाखवलं. गाडीत काही दोष नव्हता, हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. ती मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. रूथ मान खाली घालून फराळाच्या ताटल्या गोळा करत होती.

मुलीने पुन्हा स्कूटीचं नाव काढलं नाही.

रूथ आता साठीपुढची आहे. तब्येत बरी असते. तिचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत, चौथं. नगरहून सकाळी सातची एसटी धरली तर नऊ-साडेनऊला तिच्या दारात पोचतो.